विंगेतून : बाई, कडी घट्ट बसवलीय ना?

गेल्या अंकात कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देताना मी ‘सुलभा देशपांडे यांच्यासारखी अभिनेत्री-कार्यकर्ती’ असं लिहिलं आणि पुढे सटकले. ते तुम्हाला पटलेलं दिसत नाही. एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांच्यावरच लिहितेय. ‘नाटकाला जाताना काय नेसावं’ असं विचारणाऱ्या साताऱ्याच्या ताईंनी महिनाभर थांबावं. (तोवर सुती साडी. एसी नेमका आपण जाऊ त्या दिवशी बंद असतो.)

‘इंग्लिश विंग्लिश’ बघताना माझा मुलगा म्हणाला, ही आजी खरीच कुणाची तरी आजी वाटते. मी म्हटलं, या सुलभा देशपांडे. तो म्हणाला, म्हणजे कोण? मला ‘चौकट राजा’तली नंदूची आई यापलीकडे काही सांगता येईना. — एक आई, नाशिक

त्याला सांगा, त्या आधी शाळेत बाई होत्या. मुलांना हे लगेच कळतं.

जन्म १९३७ चा, मुंबईतला, माहेरच्या कामेरकर. दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत त्या शिकवत होत्या. शाळा म्हटली की स्नेहसंमेलन आलं, आणि स्नेहसंमेलन आलं की मुलांना जमेल असं नाटक शोधणं आलं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे की बरं बालनाट्य मिळणं बरा भाडेकरू मिळण्याइतकंच अवघड. इथे मात्र मुलांसाठी लिहून द्यायला विजय तेंडुलकर होते. १९६० मध्ये विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू या मंडळींची ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी राहिली. तिथे सुलभाताई आल्या आणि तेंडुलकरांच्या ‘मधल्या भिंती’मध्ये लोकांच्या नजरेत भरल्या. अरविंद देशपांडे म्हणजे त्यांचे यजमान. नट आणि दिग्दर्शक दोन्ही.

डिसेंबर १९६७ मध्ये तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातली लीला बेणारे. दिग्दर्शक अरविंदराव. त्याबद्दल खाली भरपूर लिहिलंय. पुढे रंगायन फुटली आणि १९७१ मध्ये या नवराबायकोनं अरुण काकडे आणि इतर सोबत्यांना घेऊन ‘आविष्कार’ काढली. कर्नाडांचं ‘तुघलक’ तेंडुलकरांनी मराठीत आणलं ते आविष्कारनं केलं. सिनेमांची यादी मी देत नाही, ती मुलगा फोनवर काढेल. पण ‘भूमिका’ त्याला जरा मोठा झाल्यावर दाखवा. त्यात स्मिता पाटीलच्या आईचं काम सुलभाताईंचं आहे. तेव्हा त्या स्वतः जेमतेम चाळिशीच्या. म्हणजे मुलगा ज्यांना आजी म्हणतोय त्या बाई पस्तीस वर्षं आधीपासून आयाच करत होत्या. ४ जून २०१६ ला गेल्या.

अभिनेत्री म्हणून त्यांच्याबद्दल आदरच आहे. ‘कार्यकर्ती’ हा शब्द मात्र तुम्ही फार स्वस्त केलात. स्मिता पाटील मुंबईच्या स्त्री-केंद्राच्या कामात होत्या, कमलाकर आणि लालन सारंग ‘सखाराम बाइंडर’ नाटकासाठी हायकोर्टापर्यंत गेले. सुलभाबाई कुठल्या मोर्च्यात होत्या? — एक निवृत्त प्राध्यापक, पुणे

सर, मोर्च्यातला त्यांचा फोटो माझ्याकडे नाही. तुम्ही घेतलेल्या नावांबद्दल वादही नाही. पण ‘कार्यकर्ती’ हा शब्द मी माझ्या वडिलांकडून शिकले. आमच्या घरी तो भाषण करणाऱ्याला कधीच लावला नाही. सभा संपल्यावर जो मागे राहून सतरंज्या झटकायचा, माइकवाल्याचे पैसे चुकवायचा आणि हॉलची किल्ली परत करून यायचा, तो कार्यकर्ता. भाषण करणारा तो ‘वक्ता’, आणि त्याला सोडायला टॅक्सी.

आता १९७० च्या आसपासचं मुंबईचं प्रायोगिक नाटक बघा. नवीन नाटक लिहिलं जायचं, दोन-तीन महिने तालमी व्हायच्या, राज्य नाट्य स्पर्धेत एक प्रयोग, नशीब असेल तर अंतिम फेरीत दुसरा. की संपलं. मोठ्या नाट्यगृहांच्या तारखा व्यावसायिक कंपन्यांकडे, आणि चुकून मिळालीच तर भाडं निघेल एवढं गिऱ्हाईक नाही. नटाला भूमिका कळायला लागते ती सातव्या-आठव्या प्रयोगात. इथे दुसऱ्या प्रयोगानंतर सेटचं लाकूड विकायला काढलेलं असायचं. लेखक तर पुढचं नाटक कुणासाठी लिहितोय तेही त्याला कळायचं नाही.

याला भाषणानं इलाज नव्हता. हवी होती ती एक जागा. कमी भाड्याची, स्टेशनजवळची, शंभर-दीडशे माणसं बसतील एवढी, आणि आठवड्यामागून आठवडा मिळेल अशी. ती मिळाली छबिलदास शाळेत, जिथे सुलभाताई बाई होत्या. १९७४ पासून आविष्कारचे प्रयोग तिथे सुरू झाले. दार आपल्यापुरतं ठेवलं नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. दिग्दर्शक सत्यदेव दुबे तिथे आले, अमोल पालेकरांची ‘अनिकेत’ आली, पुण्याची मंडळी आली. एकमेकांचं तोंड न पाहणारे लोकही त्याच हॉलमध्ये तारखा घ्यायचे. पुढे त्याला ‘छबिलदास चळवळ’ म्हणायला लागले. पंधराएक वर्षं एका शाळेच्या हॉलच्या नावानं चळवळ ओळखली जाते, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

मी तिथे कोण? कुणी नाही. प्रेक्षक. बँकेतून सुटून फोर्टहून दादरला यायचं, गल्लीत वडा खायचा (बोटं तेलकट, तिकीट तेलकट), जिना चढायचा आणि मिळेल त्या खुर्चीत बसायचं. रंगमंच म्हणावा तर इतका बुटका आणि इतका जवळ, की नटाच्या पायाचं खरचटलेलं दिसायचं. नाट्यगृहात अभिनय वाटणारं काहीबाही तिथे खोटं वाटायचं. माझ्या मते मराठी नटांचा आवाज त्या हॉलनं खाली आणला. मागच्या रांगेसाठी ओरडायचं कारणच उरलं नाही, कारण मागची रांग चार पावलांवर होती. सकाळी तिथेच शाळा भरायची. म्हणजे प्रयोग कितीही थोर होवो, रात्री सगळं आवरून जागा रिकामी करून द्यायची.

पुढे ती जागाही सुटली आणि आविष्कार माहीमच्या पालिका शाळेत गेली. त्याआधी जानेवारी १९८७ मध्ये अरविंदराव गेले होते, ऐन पंचावन्नाच्या आत. त्याच वर्षी सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा वेळी संस्था बंद पडते आणि ‘त्यांच्याबरोबर एक पर्व संपलं’ असं अग्रलेखात छापून येतं. आविष्कार बंद पडली नाही. काकडेकाकांच्या सोबतीनं सुलभाताईंनी ती पुढे चालवली, स्वतः जाईपर्यंत, म्हणजे एकोणतीस वर्षं. अरविंदरावांच्या नावानं महोत्सव सुरू केला आणि त्यात नव्या मुलांना उभं केलं. सर, एकोणतीस वर्षं किल्ली सांभाळणाऱ्या बाईला मी कार्यकर्ती म्हणणारच. तुम्ही दुसरा शब्द सुचवलात तर विचार करीन, पण बदलेनच असं नाही.

‘शांतता’मधलं त्यांचं काम आता कुठे पाहायला मिळेल का? — कॉलेजची विद्यार्थिनी, लातूर

सिनेमा आहे. १९७१. दिग्दर्शन सत्यदेव दुबे, कॅमेरा गोविंद निहलानी, बेणारे सुलभाताईच. १९६७ चा प्रयोग मीही पाहिलेला नाही, तेव्हा मी फ्रॉकात होते. ‘काय प्रयोग होता तो!’ असं सांगणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांवर फार विश्वास ठेवू नका.

एवढ्या ताकदीच्या नटीला हिंदी सिनेमानं मोलकरणी, आया आणि आज्या करायला लावल्या. त्यांनी ते का केलं? प्रतिभा वाया घालवली असं नाही वाटत? — एक वाचक, नागपूर

का केलं ते त्यांनाच ठाऊक. मला एवढंच माहीत आहे की प्रायोगिक नाटक नटाला पैसे देत नाही, बऱ्याचदा नटाकडूनच घेतं. त्या पिढीतलं प्रत्येक माणूस कुठेतरी नोकरी करायचं. शाळा, बँक, एलआयसी, दूरदर्शन. त्या नोकऱ्यांबद्दल आपण ‘प्रतिभा वाया गेली’ असं म्हणत नाही. मग सिनेमातल्या चार प्रवेशांबद्दलच का?

दुसरं असं, की ‘वाया’ हे तुम्ही पडद्यावर किती मिनिटं मिळाली त्यावरून ठरवताय. ‘इंग्लिश विंग्लिश’मधली सासू परत बघा. घरात सून कानकोंडी होते तेव्हा ही सासू काही बोलत नाही. ती बघते. सगळ्या सिनेमाभर सुनेच्या बाजूनं असणारं घरातलं पहिलं माणूस तेच आहे, आणि ते तुम्हाला संवादाशिवाय कळलेलं असतं. छबिलदासच्या हॉलमध्ये मुरल्याशिवाय इतकं कमी करता येत नाही, असं आपलं माझं मत.

आमच्या शाळेत बालनाट्य बसवतोय. ‘चंद्रशाळा’बद्दल ऐकलं आहे. मुलांच्या नाटकाचा शेवट बोधपर असावा का? — एक शिक्षक, रत्नागिरी

चंद्रशाळा हा आविष्कारचा मुलांचा विभाग, तोही सुलभाताईंनीच उभा केलेला. तेंडुलकरांचं ‘राजाराणीला घाम हवा’ हे बालनाट्य तुम्हाला ठाऊक असेल. त्यावरून ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा सिनेमा त्यांनी १९७८ मध्ये चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी दिग्दर्शित केला. नाव वाचूनच पोरं हसतात. घाम विकत मिळत नाही, हा बोध आहेच की त्यात. पण तो राजाराणीची फजिती होताना मिळतो, शेवटी कुणी गुरुजी येऊन सांगत नाहीत. ‘दुर्गा झाली गौरी’ हे चंद्रशाळेचं नृत्यनाट्य मी भाचीला घेऊन पाहिलं होतं. परतताना ती दादर ते ठाणे डब्याच्या मधल्या मोकळ्या जागेत नाचत होती आणि एका मासळीवालीनं तिच्यासाठी टोपली बाजूला सरकवली. बोध काय घेतला ते मी विचारलं नाही.

मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बेणारे करतेय. शेवटचं स्वगत बसत नाही. दिग्दर्शक म्हणतो फोड, रड, प्रेक्षक हलला पाहिजे. घरचे म्हणतात, असली भूमिका का घेतलीस? तुम्ही मागे लिहिलं होतं की तुम्हीही बेणारे केली होती. सांगा ना. ता. क. : दाराच्या कडीचं काय करायचं? — बी.ए.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

बाळ, तुझं पत्र चार पानी होतं, मी चार ओळींत आणलं. राग मानू नकोस.

आधी नाटक. ज्या वाचकांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : हौशी नाटकवाले एका गावात ‘अभिरूप न्यायालय’ करायला येतात. वेळ घालवायला म्हणून आपल्यातल्याच बेणारेबाईवर खोटा खटला भरतात, आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता कळतं की ही अविवाहित शिक्षिका खरंच गरोदर आहे. आणि खेळ थांबत नाही. उलट सगळ्यांना चव येते. तेंडुलकरांना हे सुचलं ते विलेपार्ल्यात असाच खटल्याचा प्रयोग करायला चाललेल्या हौशी मंडळींना वाट दाखवताना, असं सांगतात.

तू अडकलीस ते स्वगत मुळात नव्हतंच. तेंडुलकरांनी ते आधी लिहिलेलं नव्हतं. अरविंदराव मागे लागले म्हणून तालमी चालू असताना, अगदी शेवटी लिहून दिलं. म्हणजे सुलभाताईंच्या हातात ते फार उशिरा आलं. तुझ्याकडे निदान दोन महिने आहेत.

आता संहिता उघड आणि स्वगताच्या आधीचं वाक्य बघ. न्यायाधीश झालेला काशीकर आरोपीला बोलायला किती वेळ देतो? दहा सेकंद. घड्याळ काढून. एवढं लांबलचक स्वगत त्या दहा सेकंदांत घडतं. बाकीचे गोठलेले असतात. ती जे बोलते ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. स्वगत संपतं आणि कोर्ट जणू ती काही बोललीच नाही असं शिक्षेकडे वळतं. मग तू फोडतेस कुणासमोर? रडतेस कुणाला दाखवायला? तिला त्या खोलीत कुणालाही काही पटवायचं नाही. चौदा-पंधरा वर्षांची असताना मामानं केलेली फसवणूक, नंतर तो विद्वान प्राध्यापक, ही सगळी ती स्वतःच्याच डोक्यात उलगडून बघतेय. प्रेक्षक हलायचा तर हलेल. दिग्दर्शकाला हे माझं नाव घेऊन सांग, म्हणजे तुझ्यावर येणार नाही.

आणि विसरू नकोस की बेणारे चांगली शिक्षिका आहे. पहिली घंटा होते तेव्हा तिचं पाऊल वर्गाच्या उंबऱ्यावर असतं. तिच्या कामात कुणाला खोट काढता येत नाही म्हणूनच ते तिच्या पोटावर येतात. बहुतेक मुली हे पाठ केल्यासारखं बोलतात आणि पुढच्या रडण्याच्या तयारीला लागतात. सुलभाताई स्वतः शिक्षिका होत्या. सिनेमा बघशील तेव्हा पहिल्या भागातली त्यांची ऐट बघ. वर्गावर हुकूमत असलेल्या बाईची ऐट. ती खरी असल्याशिवाय पुढची पडझड दिसत नाही.

घरच्यांचं म्हणशील तर, मी ही भूमिका १९७९ मध्ये आमच्या बँकेच्या नाट्यमंडळासाठी केली. मी सव्वीस वर्षांची, क्लार्क, बिनलग्नाची. काशीकर करणारे गृहस्थ खरोखरच माझी रजा मंजूर करणारे साहेब. स्वगत मी डोंबिवली लोकलमध्ये बायकांच्या डब्यात पाठ केलं. ओठ हलताहेत, डोळे भरलेत, हातात वही; एका बाईनं मुकाट्यानं उठून मला खिडकीची जागा दिली. प्रयोगानंतर कॅन्टीनमध्ये माझं नाव ‘बेणारे’ पडलं. आधी गमतीनं. मग एक स्थळ चालून आलं होतं त्यांनी ‘मुलगी नाटकात कसली कामं करते ते कळलं’ म्हणून नकार कळवला. ज्यानं ही बातमी तिथवर पोचवली तो नाटकात रोकडे होता. मी बारा वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून लेजर लिहिलं. तेव्हा तुझ्या घरच्यांची भीती अगदीच खुळी आहे असं मी म्हणणार नाही. पण मला तेव्हा एक गोष्ट आधाराची होती. बारा वर्षं आधी, दादरच्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं हीच भूमिका रवींद्र नाट्य मंदिरात उभं राहून केली होती, आणि तीही नोकरीवालीच होती. आईला मी तेवढंच सांगितलं. आई म्हणाली, ‘तिचा नवरा दिग्दर्शक होता.’ आई हुशार होती.

आता कडी. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे आणि तू तो ताजा कलम म्हणून टाकलास! नाटकाच्या सुरुवातीलाच बेणारे येते ती कडीत बोट चेमटवून. दार ओढलं की कडी बाहेरून बसते हे तिथेच कळतं. दुसऱ्या अंकात ती पर्स घेऊन निघते आणि दार उघडत नाही. अख्खं नाटक त्या कडीवर लटकलंय.

आमच्या प्रयोगात दार होतं कापड ताणलेल्या चौकटीचं, आणि कडीला दोन टाचणीएवढे स्क्रू. मी जीव खाऊन दार ओढलं. कडी निखळून खाली पडली आणि दार सताड उघडलं. मागे विंगेत आमचा प्रॉपर्टीवाला, म्हणजे नाटकाचं सामानसुमान सांभाळणारा, उकिडवा बसून बशीतून चहा पीत होता. तो आणि मी एकमेकांकडे बघतोय. बाल्कनीतून आवाज आला, ‘उघडलं बाई! जा आता घरी!’ सगळं थिएटर हसलं.

मला काहीच सुचेना. मी दार लोटलं, त्याला पाठ लावली आणि तशीच उभी राहिले. वकील सुखात्मे करणाऱ्यानं दोन क्षण वाट पाहून पुढचं वाक्य घेतलं.

परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं : ‘बेणारे स्वतःच दार लावून घेते ही दिग्दर्शकीय कल्पना अभिनव.’ दिग्दर्शकाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मला नाही.

तू मात्र चौकट लाकडी घे, स्क्रू दोन इंची, निदान चार. आणि पडदा उघडण्याआधी स्वतः जाऊन ओढून बघ. प्रॉपर्टीवाल्याच्या शब्दावर जाऊ नकोस, तो चहा पीत असतो.